नांव आणि मोल

वस्तु विकत घेतांना तिच्या नांवाकडे पाहावें कीं तिच्या अंगच्या गुणाकडे, हा प्रश्न जुनाच आहे. ‘नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा’ असें म्हणून आपली भाषा नांवाला भुलणाऱ्याची थट्टा करते. उलटपक्षीं शाळेच्या सकाळच्या प्रार्थनेंत आम्हीं लहानपणीं नीतिसूत्रांतील जो उपदेश ऐकिला, त्यांत चांगल्या नांवाला द्रव्याहून वरचें स्थान दिलेलें आहे. मोटारसायकल विकत घेण्याचा प्रसंग आला तेव्हां हीं दोन्ही मतें आमच्याच घरांत समोरासमोर उभीं राहिलीं.

आमची नोकरी साताऱ्यास, आणि आईवडील सांगली जिल्ह्यांत किर्लोस्करवाडीजवळच्या गांवीं. दर शनिवारीं कराडवरून सुमारें नव्वद किलोमीटर जावयाचें व रविवारीं संध्याकाळीं परत यावयाचें, हा आमचा क्रम. वडिलांनीं बावीस वर्षांपूर्वीं घेतलेली गाडी या फेऱ्यांना आतां पुरी पडेना. नवी घ्यावी याविषयीं दुमत नव्हतें. कोणती घ्यावी, येथेंच मतभेद झाला. “घ्यायची तर त्याच कंपनीची,” असें आण्णांनीं एका वाक्यांत सांगून टाकिलें.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों. आण्णांच्या कंपनीची गाडी दुसऱ्या एका कंपनीच्या गाडीहून बावीस हजार रुपयांनीं महाग होती. पहिली लिटरला पंचेचाळीस किलोमीटर जाई, दुसरी साठ. वर्षाच्या नऊ हजार किलोमीटरांना एकीस दोनशें लिटर पेट्रोल लागणार, दुसरीस दीडशें. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेलेलें. म्हणजे दरवर्षीं पांच हजारांहून अधिक फरक पडणार. आमची धाकटी बहीण मिरजेस परिचारिकेचें शिक्षण घेत होती. तिच्या फीचा पुढील हप्ता आणि गाडीची किंमत हीं दोन्ही एकाच पिशवींतून जावयाचीं होतीं. असें असतां केवळ नांवासाठीं बावीस हजार मोजावे, हें आम्हांस पटेना.

आणि नांव तरी किती टिकाऊ? साताऱ्यांतच ‘महाराष्ट्र स्कूटर्स’ हा कारखाना १९७५ सालीं स्थापन झाला आणि त्याची ‘प्रिया’ घरोघरीं गेली. त्या काळीं लोक पैसे भरून नंबर लागण्याची वाट पाहात. आज त्या कारखान्यांतून स्कूटर बाहेर पडत नाहीं. बजाजची ‘चेतक’ १९७२ सालीं निघाली, पुढें बंद पडली, आणि २०२० सालीं तेंच नांव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळालें. ‘रॉयल एन्फील्ड’ हें नांव मूळ इंग्लंडांतलें. तेथील कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, पण मद्रासेस १९५५ पासून चालू झालेल्या कारखान्यानें तें नांव जिवंत ठेविलें. हीरो व होंडा यांनीं १९८४ सालीं एकत्र मांडलेला संसार २०१० सालीं मोडण्याचें ठरलें. नांव तेंच राहातें, पण त्यामागचे हात बदलतात. हात तेच राहातात, पण नांव बदलतें. मग आपण निष्ठा ठेवावयाची ती कोणाशीं?

हा सर्व युक्तिवाद आम्हीं मोठ्या आवेशानें आण्णांपुढें मांडला. त्यांनीं तो शांतपणें ऐकून घेतला आणि विचारिलें, “तुझ्या त्या गाडीचा मिस्त्री कोण?”

या प्रश्नाचा रोख आम्हांस कळला नाहीं. तेव्हां त्यांनीं एक जुनी हकीगत सांगितली. आमची बहीण तीन वर्षांची असतांना एके रात्रीं तापानें फणफणली. आईच्या मांडीवर तिला देऊन आण्णा गाडीवरून मिरजेच्या दवाखान्याकडे निघाले. सांगलींत शिरतांच क्लचची तार तुटली. रात्रीचे दोन वाजले होते. मिस्त्री दुकानाच्या मागेंच राहात असे. हांक मारतांच तो कंदील घेऊन बाहेर आला आणि त्यानें अर्ध्या तासांत तार बसवून दिली. आण्णांच्या खिशांत दवाखान्यापुरतेच पैसे होते. “उसाचें बिल येईल तेव्हां द्या,” एवढेंच तो म्हणाला. तो मिस्त्री एकाच कंपनीच्या गाड्या दुरुस्त करी. आण्णांची निष्ठा ती त्या कंपनीवर नव्हती. ती त्या कंदिलावर होती, आणि बावीस वर्षें आम्ही तिला नांवाचा हट्ट समजत आलों होतों!

पुढच्या रविवारीं आम्ही दोघेही सांगलीस मिस्त्रीकडे गेलों. दोन्ही गाड्यांचीं नांवें ऐकून तो हंसला. “आण्णा, १ एप्रिल २०२० पासून नवे नियम आले. नव्या गाडींत कार्बोरेटर गेला. आतां पेट्रोल यंत्र मोजून सोडतें आणि दोष काय तो संगणकाला विचारावा लागतो. माझ्याकडे तें साधन नाहीं. ही घ्या कीं ती, मला दोन्ही परक्याच.” मग आमच्याकडे वळून तो म्हणाला, “सुटे भाग पलूसला आणि कराडला मिळतात का तें आधीं बघा. आण्णांचे गुडघे दुखतात. त्यांना बसवून पाय जमिनीला टेकतात का तें बघा. मग पैसे द्या.”

या दोन गोष्टी आमच्या कागदावर कोठेंच नव्हत्या. आम्हीं केवळ किंमत आणि पेट्रोल मोजलें होतें व त्यालाच मोल म्हणत होतों.

किर्लोस्करवाडीच्या परिसरांत राहून ही गोष्ट आम्हांस आधींच सुचावयास हवी होती. बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील माळावर कारखाना उभारिला. त्यांचा लोखंडी नांगर प्रथम शेतकरी घेईनात. लोखंडानें जमीन विषारी होईल अशी त्यांस भीति वाटे. त्या नांगराला आरंभीं नांव नव्हतें, गुण मात्र होता. तो मातींत चालला, खोल गेला, आणि मग नांव झालें. नांव म्हणजे पूर्वीं केलेल्या कामाची साक्ष होय. ती अवश्य ऐकावी. पण साक्ष ऐकिल्यावर तपास करूं नये असें मात्र नाहीं.

आम्हीं तपास केला. दुसऱ्या कंपनीचे भाग पलूस व कराड या दोन्ही ठिकाणीं मिळत होते, आणि आण्णांचे पाय जमिनीला नीट टेकले. तीच गाडी घेतली. बहिणीच्या फीचा हप्ता वेळेवर भरला गेला.

जुनी गाडी परत देण्याबद्दल दुकानदार सात हजार रुपये वजा करावयास तयार होता. आमचा हिशेबी हात पुढें झालाच होता. पण आण्णा कांहीं न बोलतां गाडीच्या टाकीवरची धूळ पुसूं लागले, तें पाहून आम्हीं तो मागें घेतला. आतां महिन्यांतून एकदां आण्णा ती गाडी काढतात आणि सावकाश सांगलीस मिस्त्रीकडे नेतात. गाडींत बहुधा कांहींच बिघडलेलें नसतें. तेल बदलावयाचें, साखळी घट्ट करावयाची, चहा घ्यावयाचा आणि मजुरी बिनचूक द्यावयाची.

या मजुरीचा आकडा आमच्या हिशेबाच्या वहींत लिहिलेला असतो. तो खर्चाच्या बाजूस लिहावा कीं जुन्या कर्जाच्या फेडींत, हें मात्र आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं.