चिप, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज

‘चिप बसवल्याने गाडीची ताकद आणि अ‍ॅव्हरेज खरंच वाढतं का, वाचकांना समजेल असं लिहा,’ असं संपादकांनी सांगितलं आणि मी लगेच होकार दिला. कारण जांब समर्थहून माझ्या वर्कशॉपमध्ये आलेली एक डिझेल गाडी डोक्यातून जात नाही. नात्यातल्या मुलाची गाडी. हेड उघडलं तर तिसऱ्या पिस्टनचा माथा कडेला वितळून खड्डा पडलेला, सिलिंडरवर ॲल्युमिनियमचे ओघळ. कॉमन रेलच्या सेन्सरच्या वायरीत काडेपेटीएवढा डबा जोडलेला होता, हीच ती ‘चिप’. मुलगा एवढंच म्हणत होता, ‘‘काका, अ‍ॅव्हरेज तर वाढलं होतं. मीटरवर दिसायचं.’’

त्याला दिसत होतं ते खोटं नव्हतं, पण मीटर चुकत होतं. डिझेल इंजिनात ताकद ठरते ती किती डिझेल फवारलं यावर. रेलमध्ये हजार-दीड हजार बार दाबाने डिझेल साठलेलं असतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. हा डबा ईसीयूला सांगतो, ‘दाब कमी पडतोय.’ ईसीयू दाब वाढवतो, तेवढ्याच वेळात जास्त डिझेल आत जातं आणि गाडी उठते. पिकअप वाढतो, हे अगदी खरं. आता चालकाला पाय कमी दाबावा लागतो, त्यामुळे ईसीयूच्या हिशेबी डिझेल कमी लागतंय. डॅशबोर्डवरचा आकडा याच हिशेबातून येतो. इंजेक्टरमधून प्रत्यक्षात किती गेलं, ते मोजणारं गाडीत काही नसतं. म्हणून मी सांगत असतो, टाकी फुल करा, चालवा, त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. ही एवढी साधी गोष्ट कुणी करत नाही आणि वाद मात्र माझ्याशी घालतात.

आता तो वितळलेला पिस्टन. जळणाऱ्या वायूचं तापमान 2000 अंशांच्या वर जातं आणि ॲल्युमिनियम 660 ला वितळतं. पिस्टन टिकतो तो खालून उडणाऱ्या ऑइलमुळे आणि कंपनीने डिझेलला घातलेल्या मर्यादेमुळे. ती मर्यादा आपल्या मे महिन्यासाठी असते, धुळीने भरलेल्या एअर फिल्टरसाठी असते, झिजलेल्या नोझलसाठीही असते. डबा नेमकी तीच ओलांडायला लावतो.

इथे हमखास एक मुद्दा पुढे येतो, ‘कंपनीनेच ताकद दाबून ठेवलीय.’ दाखला फियाटच्या 1.3 मल्टिजेटचा. रांजणगावला बनलेलं आणि मारुतीनेही परवान्यावर बनवलेलं हे 1248 सीसीचं इंजिन स्विफ्टमध्ये 75 पीएस द्यायचं आणि एर्टिगात 90. मग 15 पीएस सॉफ्टवेअरने कुलूपबंद केलेत, असा निष्कर्ष निघतो. अहो, दोन्हींचा टर्बो वेगळा आहे! 90 वाल्यात पाती फिरणारा, व्हेरिएबल जॉमेट्रीचा टर्बो आहे, तो कमी-जास्त आरपीएमला हवा सांभाळून घेतो. 75 वाल्यात साधा. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं तर ते पुरतं जळत नाही, काळा धूर होतो आणि सायलेन्सरकडे जाणारा वायू जास्त तापतो. वर्कशॉपमध्ये मी दोन्ही टर्बो शेजारी ठेवून दाखवतो, तरी माणसं मोबाइलवरचा व्हिडिओ खरा मानतात. याचा मला शीण येतो.

पेट्रोलच्या बिगरटर्बो गाड्यांत तर बहुतेक फसवणूकच आहे. ओबीडी, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायची ती लुकलुकणारी चिप मी उघडली. आत तीन एलईडी, एक बटण, एक स्वस्तातला प्रोसेसर. सॉकेटच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांवरून गाडीशी बोलायला जो ट्रान्सीव्हर लागतो, तोच नाही. दुसरा प्रकार, हवेच्या तापमानाच्या सेन्सरला रेझिस्टन्स लावायचा. ईसीयूला हवा थंड वाटते, तो पेट्रोल वाढवतो आणि पुढच्याच क्षणी ऑक्सिजन सेन्सर ते 14.7 ला एक या प्रमाणावर परत आणतो.

हे झालं खोट्या मालाचं. जाणकाराने डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, केलेला रिमॅप, म्हणजे ईसीयूच्या प्रोग्राममधला बदल, मी त्यात धरत नाही. टर्बो डिझेलला त्याने 20 टक्क्यांच्या आसपास ताकद सहज मिळते आणि शांत चालवली तर अ‍ॅव्हरेजही किंचित सुधारू शकतं. तरी आमच्या भागात मी तो करून द्यावा का, यावर माझं मन ठरत नाही. कुंभार पिंपळगावकडे उसाच्या ट्रॅक्टरांच्या पंपाचं शिशाचं सील तोडून डिझेल वाढवायचा स्क्रू पिळलेला मी पाहत आलोय. ताकद मिळाली की माणूस ती वापरतोच, ट्रॉली आणखी भरतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम 52 आहे, वॉरंटी आहे, विम्याचा क्लेम आहे.

हल्ली पोरं समृद्धी महामार्गासाठी चिप मागतात. तिथे कारला 120 ची मर्यादा आहे. 100 वरून 120 वर गेलात की हवेचा विरोध 44 टक्क्यांनी वाढतो आणि त्याच्याशी झगडायला लागणारी ताकद 73 टक्क्यांनी. जालन्याहून नागपूरकडे एक फेरी 95 ने करा, दुसरी 120 ने, दोन्ही वेळा टाकी फुल करून. टायरची हवा मात्र दोन्ही वेळा सारखी ठेवा.