‘ब’च्या पानावरची गाणी

शाळेच्या ग्रंथालयात नोकरी झाल्यामुळे वर्णक्रमाबद्दल माझं मत पक्कं होतं. हवी ती वस्तू चटकन सापडावी म्हणून केलेली ती सोय. काय वाचावं, काय ऐकावं हे त्यावरून ठरवायचं नसतं. एखादा मुलगा येऊन ‘बाई, मला फक्त ‘क’वरून सुरू होणारी पुस्तकं द्या’ म्हणाला असता, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पुस्तकं विषयवार लागतात. ड्युईने १८७६ साली आखलेल्या वर्गीकरणात संगीताला ७८० हा अंक दिलाय, म्हणजे सगळं संगीत एका फळीवर, आपापल्या भाऊबंदांत. गाणीही तशीच ऐकावीत असं मी धरून चालले होते. आज हा गायक, उद्या तो राग.

इंग्रजी गाण्यांबद्दलचं मत याहून पक्कं. ती आपली नव्हेत. लहानपणी सुट्टीत पुण्याहून चुलत भावंडं यायची, सोबत कॅसेट असायच्या, आणि कुठलं गाणं भारी, कुठलं फालतू हे तीच आम्हाला सांगायची. आपल्याला कळत नाही त्या गोष्टीची गोडी दुसऱ्याने ठरवून द्यायची, हे मला तेव्हाही पटलं नाही. तो राग मी गाण्यांवर काढला. विविध भारती लागली की माझं भागायचं.

ही दोन्ही मतं एकदम सुटली ती गाण्यांच्या भेंड्यांमुळे.

आमच्या गल्लीतल्या महिला मंडळात भेंड्यांची वही माझ्या ताब्यात असते. प्रत्येक अक्षराला एक पान, ‘ण’ आला तर ‘न’ घ्यायचा, ‘ळ’ आला तर ‘ल’, असे सगळे कायदे पहिल्याच पानावर. इंजिनिअरिंगला आमच्याकडे राहणाऱ्या भाच्याला वहीची मागची पानं कोरी दिसली. म्हणाला, “मावशी, इंग्रजी गाण्यांचं एक पान करू या. एकच अक्षर. तू चिठ्ठी काढ.” मी हो म्हटलं ते त्याचा हिरमोड नको म्हणून. चिठ्ठीत ‘ब’ निघाला.

अडचण पहिल्याच दिवशी आली. आपल्याकडे गाण्याला वेगळं नाव नसतं, पहिली ओळ हेच नाव. गाथेतली अभंगांची सूचीसुद्धा पहिल्या शब्दांवरूनच लागते. इंग्रजी गाण्याला मात्र पुस्तकासारखं शीर्षक असतं, आणि ते गाण्यात कुठे येईल, मुळात येईल तरी का, याचा भरवसा नाही. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ जवळपास सहा मिनिटं चालतं, पण हे दोन शब्द त्यात एकदाही येत नाहीत. भेंड्यांच्या हिशेबाने असलं गाणं बादच. शेवटी ठरलं, शीर्षक धरायचं. क्रम मात्र मी माझा लावला, बाराखडीचा.

त्यामुळे पान उघडलं ते ‘बनाना बोट साँग’ने. हॅरी बेलाफाँटेच्या १९५६च्या तबकडीने ते जगभर पोचलं, पण मुळात ते जमैकाच्या गोदीतल्या हमालांचं. रात्रभर केळीचे घड बोटीत चढवून झालेत, उजाडत आलंय, आता मोजणीदाराने येऊन घड मोजावेत म्हणजे घरी जाता येईल, एवढंच त्यांचं मागणं. भाच्याने अर्थ सांगितला तशी मी म्हटलं, “अरे, ही तर रातपाळी.” माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. पाळी सुटली तरी कापडाची मोजदाद होईपर्यंत थांबावं लागायचं, हे त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलेलं. अंगभर कापसाची पिंज घेऊन घरी यायचे आणि न बोलता आधी अंघोळीला जायचे.

पुढे ‘बफेलो सोल्जर’. बॉब मार्ली १९८१ मध्ये वारला, त्यानंतर दोन वर्षांनी आलेलं. अमेरिकी सैन्यातल्या काळ्या घोडदळाची गोष्ट आहे त्यात. जमैकाची ही दोन गाणी शेजारी आली ती ‘न’ आणि ‘फ’ यांच्या कृपेने, कुणा जाणकाराच्या नव्हे. मग ‘बिली जीन’. सुरुवातीला नुसता ड्रम, मग त्याखालून चालत येणारा बास. माझा पाय हलायला लागलेला भाच्याने पाहिला. मी उगीच पदर सारखा केला.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आधी मला अजिबात आवडलं नाही. तीन-चार गाणी एकात कोंबल्यासारखं वाटलं, मध्येच ऑपेरा काय, ‘बिस्मिल्ला’ काय. पण गाणाऱ्या फ्रेडी मर्क्युरीचं खरं नाव फारुख बल्सारा, जन्म झांझिबारच्या पारशी घरातला, आणि शाळेची वर्षं पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये गेली, तिथेच पोरांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता, हे कळल्यावर मी ते पुन्हा लावलं. माझ्या पाचगणीच्या आठवणीत टेबललँड आणि स्ट्रॉबेरीच आहे. तिथल्या शाळेतला पियानो वाजवणारा एक मुलगा १९७५ साली हे असलं काही करतो म्हटल्यावर मी जरा नीट बसून ऐकलं. अजूनही मधला भाग मला गोंगाटच वाटतो. शेवट चांगला आहे.

पण ज्या गाण्यामुळे माझं मत खरोखर फिरलं ते ‘ब्र’मध्ये होतं. ‘ब्रेड अँड रोझेस’. विषयवार शोधत गेले असते तर या जन्मी ते माझ्या वाट्याला आलं नसतं. भाच्यालाही ते माहीत नव्हतं, यादी वाढवताना त्याच्या हाती लागलं. मूळ कविता जेम्स ओपनहाइमची, १९११ची. दुसऱ्याच महिन्यात, जानेवारी १९१२ला, अमेरिकेतल्या लॉरेन्स या गिरणगावात संप झाला. कायद्याने बायका-मुलांचा आठवडा ५६ तासांवरून ५४ तासांवर आला आणि मालकांनी त्या दोन तासांचा पगारही कापला. पाकिटात पैसे कमी आलेले बघून बायका साचे सोडून रस्त्यावर आल्या. इटलीच्या, पोलंडच्या, लिथुआनियाच्या, एकमेकींची भाषा न येणाऱ्या. पुढे या संपाशी ती कविता कायमची जोडली गेली. आज ऐकू येते ती बहुतेकदा जोन बाएझची धाकटी बहीण मिमी फारिन्या हिने सत्तरच्या दशकात लावलेल्या चालीत. पोटाला भाकरी हवीच, पण आयुष्यात काही सुंदरही हवं, असं त्या बायकांचं म्हणणं.

आमच्या सोलापुरात पहिली गिरणी १८७७ साली उभी राहिली, आम्ही तिला जुनी मिल म्हणतो. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, सगळ्या भाषा एका भोंग्यावर आत जायच्या. गिरणीबद्दल मी पुष्कळ वाचलंय, कपाटात फाइल आहे. पण आईने कधी गजरा विकत घेतल्याचं मला आठवत नाही, हे त्या गाण्याने मला पहिल्यांदा विचारायला लावलं. आणि ते गाणं माझ्यापर्यंत आलं एका चिठ्ठीवरच्या अक्षरामुळे.

वर्गीकरण सारख्याला सारखं भेटवतं, म्हणून तर मी ते इतकी वर्षं मनापासून केलं. वर्णक्रम सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या आरक्षणासारखा आहे. शेजारी कोण येईल ते तुम्ही ठरवत नाही, आणि मुंबईपर्यंत रात्र काढायची असल्यामुळे बोलणं होतंच. माझी आवड मला माझ्याच अंगणात फिरवत होती. अक्षराला आवड नाही, पुण्याची भावंडंही नाहीत.

अर्थात अक्षर कचराही आणतं. ‘ब’मध्ये ‘बेबी’ची रांगच रांग आहे. सुप्रीम्सचं ‘बेबी लव्ह’ गोड आहे, १९६४चं, पण नंतर नंतर कुणीही उठतो आणि प्रौढ बाईला बेबी म्हणतो. आमच्या मंडळात तीन बेबीताई आहेत, त्यांना मी ही रांग ऐकवली. एकीने विचारलं, “मला एवढी गाणी, आणि कळवलं नाही कुणी?” उलट ‘ब्लॅकबर्ड’ अगदी शेवटी आलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो. पॉल मॅकार्टनी, १९६८. एक आवाज, एक गिटार, पायाचा ठेका आणि मागे पक्षी, बस्स. गिटारच्या त्या चालीचं मूळ बाखच्या एका रचनेत आहे म्हणे. ते नसतं तरी माझं काही अडलं नसतं.

‘ब’नंतर इतर अक्षरांचीही पानं सुरू झाली, आणि वाद अजून चालू आहेत. ‘द बॉक्सर’ भाच्याने ‘द’मध्ये टाकलं. मी ग्रंथालयाचा नियम दाखवला, शीर्षकातलं सुरुवातीचं ‘द’ क्रम लावताना सोडून द्यायचं, म्हणून ते ‘ब’चंच. तो म्हणतो, कान जे ऐकतो ते अक्षर. मग ‘नॉकिन् ऑन हेवन्स डोअर’ तू ‘न’मध्ये का घेतलंस, स्पेलिंग तर ‘के’पासून आहे? इथे मी अडकले. कान धरला तर ‘बॉक्सर’ जातं, डोळा धरला तर माझी बाराखडीच मोडते. सध्या ‘बॉक्सर’ दोन्ही पानांवर आहे.

मंडळात मी ही मागची पानं वाचून दाखवली तेव्हा दोघी-तिघींनी नाकं मुरडली. शेजारच्या पद्मशाली वहिनी मात्र शांतपणे म्हणाल्या, “इंग्रजीला पान मिळालं, मग आमच्या तेलुगूने काय पाप केलं?” भिंतीला भिंत लागून आमची घरं. त्यांच्या घरातली गाणी मला लग्नापासून ऐकू येतात आणि एकाचंही पहिलं अक्षर मला सांगता येत नाही. मी ‘म’ची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्या रविवारी येणार आहेत. त्या म्हणणार, मी देवनागरीत लिहिणार, आणि ‘द’चा कायदा तेलुगूत लागत नसल्यामुळे निदान तेवढं भांडण वाचेल.