लिपी बदलणारी कळ

बिदर जिल्ह्यातल्या भालकीला मावशीकडे गेलो होतो. तिने शेताची पहाणी पुढे केली. "बघ रे, आमचं नाव बरोबर आहे का?" सगळं कन्नडमध्ये! गोव्यात जन्मभर कागद वाचून पोट भरणारा मी तिथे निरक्षर ठरलो. शेजारच्या मुलाने वाचून दाखवलं. नाव अगदी बरोबर होतं.

मला नोकरीच्या सुरुवातीचा डॉसचा काळा पडदा आठवला. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलं की त्यावर मराठी उमटायचं. १९९१ च्या 'इस्की' प्रमाणात 'क'चा क्रमांक १७९, देवनागरीत तोच आणि कन्नडमध्येही तोच. कुठल्या लिपीत दाखवायचं, एवढंच पडद्याला सांगायचं. आत साठवलेलं नाव बदलत नसे. आज युनिकोडमध्ये देवनागरी 'क' २३२५, तर कन्नड 'क' ३२२१. घरं वेगळी झाली.

लिपीचे वाद ऐकतच आपण गोंयकार वाढलो. म्हणून मी उत्साहाने मावशीला हे सांगितलं, "आत नाव एकच असतं गं."

ती कागदाची घडी घालत म्हणाली, "असेल बाबा. पण मला वाचता येत नाही, त्याचं काय?"

यावर माझ्याकडे कुठलीच कळ नव्हती.