अहो, मी पाण्याखाली श्वास घेतला!

ऐका! मला बसवत नाहीये, तुम्हीही बसू नका! मी समुद्राच्या तळाशी जाऊन आले! मी! जिला पोहता येत नाही, जी डोक्यावरून तांब्या ओतून घेतानाही डोळे गच्च मिटते, ती मी मालवणच्या समुद्रात स्कूबा करून आले! आणि वर आल्यावर पहिलं काय विचारलं? "परत जाता येईल?"

झालं असं, की भाचीने सहज विचारलं, "मावशी, स्कूबा करणार?" घरातल्या सगळ्यांनी 'ही कसली करतेय' अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्या चेहऱ्यांवर चिडून माझ्या तोंडून निघून गेलं, "हो!" बस्स. शौर्यबिर्य काही नाही, निव्वळ चिडचिड! मग रात्रभर पोटात गोळा, आणि मग पहाटे 'सर्दी झालीये' असं सांगायचा विचार, आणि मग सर्दी काही येईना, आणि मग मी चक्क होडीत!

आधीच सांगते, मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी आपली त्या डायव्हर मुलाने सांगितलेलं आणि घरी येऊन अधाशासारखं वाचलेलं तुम्हाला सांगतेय. पण काय काय आहे हो यात!

पहिला धक्का सूटचा. तो रबरी सूट अंगात चढवणं हाच खरा पराक्रम आहे, समुद्र नंतर! दुसरा धक्का वजनांचा. कमरेला शिशाची वजनं बांधतात. का? तर आपण बुडावं म्हणून! नाहीतर माणूस तरंगतो म्हणे! आयुष्यभर मी बुडायला घाबरले आणि इथे बुडण्यासाठी वेगळी सोय करावी लागते! समोर सिंधुदुर्ग उभा. 1664मध्ये महाराजांनी त्याचं काम सुरू केलं, पायात शिसं ओतलं म्हणतात. किल्ल्याच्या पायात शिसं, माझ्या कमरेला शिसं! तेवढ्यानेच मला उगाच जरा धीर आला.

तिसरा धक्का त्या टाकीचा. तिच्यात ऑक्सिजन नसतो! आपली साधी हवा असते, दाबून भरलेली! शुद्ध ऑक्सिजन तर सहाएक मीटरच्या खाली घातकच ठरतो. आणि तोंडात धरायचा तो रेग्युलेटर! आपण श्वास ओढला की त्या खोलीवर पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा देतो, मागितली की देतो, नाही मागितली की गप्प! 1943मध्ये, ऐन महायुद्धात, फ्रान्समध्ये झाक कुस्तो हा नौदलातला माणूस आणि एमिल गान्यां नावाचा इंजिनिअर यांनी हे जमवलं. आणि गान्यांकडचा मूळ वॉल्व्ह कशासाठी होता माहितीये? पेट्रोलच्या टंचाईत मोटारी गॅसवर चालवायला! मोटारीची अडचण, आणि मासे बघतेय मी!

मग खुणा. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा. अंगठा आणि तर्जनी जोडली की सगळं ठीक. आणि अंगठा वर केला तर? तर 'मला वर न्या'! अहो, दिवसभर सगळ्यांना अंगठे पाठवणारी माणसं आपण! मी तो अंगठा मुठीत कोंबूनच ठेवला.

"काकी, काय होऊचा नाय, मी आसंय मां!" असं म्हणून त्या मुलाने मागून टाकी धरली. आणि मग पाणी हनुवटीला, आणि मग कानाला, आणि मग डोक्यावर, आणि मग मी डोळे उघडे ठेवून, तोंडाने, पाण्याच्या आत, श्वास घेतला! आला! हवा आली! परत घेतला, परत आली! कानातल्या बुडबुड्यांचा आवाज प्रेशर कुकरच्या वरताण! कान दडपले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, 'फट्' होतं आणि कान मोकळे. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. आम्ही तेवढे खोल गेलो नाही, पण कानांना ते कोण सांगणार! आणि नियम एकच, श्वास रोखायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते, ती सुटत राहिली पाहिजे. म्हणजे घाबरून श्वास कोंडायचीसुद्धा परवानगी नाही!

आणि मासे! पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, माझ्या नाकासमोर! मास्कमधून सगळं तिसऱ्या हिश्शाने मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळे मी सारखी हात पुढे करतेय आणि मासा तिथे नाहीच! होडीचं इंजिन ऐकू येतंय, पण कुठून ते कळत नाही, कारण पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने धावतो आणि दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच आदळतो. आणि माझं लालभडक नेलपॉलिश! खाली गेल्यावर मळकट तपकिरी! लाल रंग पाणी सगळ्यात आधी गिळतं! भाचीच्या हौसेपायी लावलेल्या नेलपॉलिशवर मी समुद्राच्या तळाशी प्रयोग करत होते!

खडकांवरचं प्रवाळ मात्र नुसतं बघायचं. ते दगड नव्हेत, जिवंत प्राण्यांची वस्ती आहे. मालवणचा हा सागरी भाग 1987पासून अभयारण्य आहे, तरी लोक आठवण म्हणून काही ना काही उचलू बघतात याचा मला राग येतो. हो, एकदा खाली गेलेल्या बाईला लगेच मतं फुटतात!

तर आता तुम्ही. पोहता येत नाही? मलाही नाही! वय? विचारू नका, मीही सांगणार नाही! दमा, हृदयाचं काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, तिथेही तसा फॉर्म भरून घेतात. पावसाळ्यात सगळं बंद असतं, ऑक्टोबरनंतर समुद्र निवळतो, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत आपण निघतोय! आपण म्हणजे तुम्हीसुद्धा! आमच्या दिरांनाही घेतलंय. फक्त मास्कच्या कडेखाली मिशी आली की पाणी आत झिरपतं, व्हॅसलीन लावून थोडंफार भागतं म्हणे. त्यांच्या मिशा चांगल्या झुपकेदार आहेत, म्हणून आजच फोन करून सांगून टाकलं, "भावोजी, मिशी की मासे, काय ते ठरवा!"