मुक्कामाची गाडी

लोकसाहित्य शिकवताना माहेरच्या ओव्यांपाशी आले की वर्गात एक शब्द दरवर्षी समजावून सांगावा लागतो : मुऱ्हाळी. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येणारा, बहुधा तिचा भाऊ. तो गाडी जुंपून येणार, तेव्हा ती जाणार. तोवर तिने वाटेकडे डोळे लावून बसायचे. जात्यावर बसलेल्या बायकांच्या किती पिढ्यांनी त्या वाटेवर ओव्या रचल्या असतील! हे शिकवून झाले की मी बाहेर येते, स्वतःच्या गाडीत बसते आणि घरी जाते. मला कोणा मुऱ्हाळ्याची वाट पाहावी लागली नाही, असा एक छुपा अभिमान मी आजवर बाळगून होते. नवी गाडी घेण्याचा विचार सुरू झाला आणि तो अभिमान तपासून पाहावा लागला.

आमच्या पेट्रोलच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली आहे. माझे रोजचे जाणे-येणे कोथरूड ते हडपसर. दोन्ही वेळचे मिळून तीस-बत्तीस किलोमीटर. गाडीत बहुतेक वेळा मी एकटी आणि शेजारी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. एवढ्यासाठी छोटी विजेची गाडी पुरेशी आहे, हे कोणीही सांगेल. २००१ साली बंगळूरची ‘रेवा’ आली तेव्हा तिच्याकडे खेळणे म्हणून पाहणाऱ्यांत मीही होते. आज पाहते आहे ती ‘एमजी कॉमेट’ २०२३ साली बाजारात आली. लांबी तीन मीटरांहून थोडी कमी, दारे दोन, माणसे चार. बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची. साध्या चार्जरवर ती पूर्ण भरायला सुमारे सात तास लागतात. एका चार्जमध्ये २३० किलोमीटर, असा कंपनीचा दावा; पण वाहनांची गर्दी, उन्हाळा आणि वातानुकूलन जमेस धरून मी आपली दीडशेच मोजते. आरंभीची किंमत ७ लाख ९८ हजार होती. हिला ‘परवडणारी’ म्हणतात. तासिका तत्त्वावर आठ वर्षे काढलेल्या माझ्यासारखीला या विशेषणातला विनोद चटकन कळतो. तरी जिथे दहा लिटर पेट्रोल जाळायचे तिथे वीसेक युनिट वीज, हा हिशोब खोटा नव्हे.

दारात धूर नाही म्हणून धूर कुठेच नाही, असेही नव्हे. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा वाटा अजून कोळशातून येतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. कोथरूडची हवा स्वच्छ ठेवण्यासाठी आपण थोडा धूर चंद्रपूरकरांच्या दारात नेऊन ठेवतो, याचे भान सुटू नये. विजेची गाडी ऊर्जा कमी वाया घालवते, म्हणून एकंदर हिशोबात ती बरी. पण ‘बरी’ आणि ‘निर्दोष’ हे समानार्थी शब्द नाहीत.

दुसऱ्याच एका कंपनीच्या दालनात विक्रेता तरुण म्हणाला, “मॅडम, लेडीजना अशी छोटी गाडीच सोयीची.” त्याला ठाऊक नसावे, पण हे वाक्य शंभर वर्षांहून जुने आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत विजेच्या गाड्या बायकांच्या म्हणूनच खपवल्या जात. आवाज नाही, वास नाही आणि इंजिन सुरू करायला हँडल मारण्याचे कष्ट नाहीत. हेन्री फोर्डचा कारखाना पेट्रोलच्या गाड्या काढीत असताना त्याची पत्नी क्लारा मात्र ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ चालवीत असे. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला, हँडल गेले आणि त्याबरोबर विजेच्या गाडीची मोठी सोयही संपली. बायकांना गावातल्या गावात फिरण्यापुरते वाहन आणि दूरच्या प्रवासाचे वाहन पुरुषांचे, ही वाटणी त्या जाहिरातींत होती. ती मला खटकली, कारण माझाही प्रश्न दूरच्याच प्रवासाचा होता.

माझे माहेर फलटण तालुक्यात आहे. घरापासून सुमारे १२० किलोमीटर. दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद अशी वाट. वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच असते. गाडी तिथवर पोचेल. पण चार्ज केल्याशिवाय त्याच दिवशी परत येणार नाही. “अडीनडीला आईकडे जायचे झाले तर?” असे म्हणत मी दोन महिने निर्णय पुढे ढकलला. ऐकणारे सगळे माना डोलावत. मग एकदा गेल्या वर्षीची रोजनिशी काढून बसले. वर्षभरात मी माहेरी चार वेळा गेले होते. चारही वेळा सकाळी निघून रात्री घरी. अंतराची चिंता खरी होती. पण तिच्या आड मी दुसरेच काही झाकून ठेवले होते.

आईला फोनवर गाडीचे सांगितले. ती म्हणाली, “आगं, तुला सांजच्याला माघारी फिरायचं आसतं, म्हून तू धड बसतसुदिक न्हाईस. कंची का गाडी आणंनास.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर उत्तर देता आले असते.

ओव्यांतली लेक वाट पाहत होती. आमच्या पिढीत लेकीच्या हाती स्वतःची गाडी आली आणि वाट पाहण्याचे काम आईकडे गेले. हे मी वर्गात कधी बोलले नाही, कारण ते मला दिसलेच नव्हते.

गेल्या रविवारी एसटीने गेले. गावातल्या वायरमनला बोलावून ओसरीवर पंधरा अँपिअरचा पॉइंट बसवून घेतला. अर्थिंग नीट हवे, म्हणून त्याने परसात नवा खड्डाही घेतला. आई जवळ उभी राहून बघत होती. गाडी भरायला किती वेळ लागतो, असे तिने विचारले. सात तास, मी म्हणाले. आणि मधे वीज गेली तर जास्त.

“मंजी रातभर,” आई म्हणाली आणि अंथरुणे उन्हात टाकायला आत गेली.

गाडीचे पैसे मी अजून भरलेले नाहीत. इमारतीच्या वाहनतळात चार्जिंगची परवानगी मिळायची आहे. पॉइंट मात्र बसला आहे.