‘आलो’चा काळ कोणता?

साखरशेतला शिकवायला गेलो तेव्हा आमच्या ट्रंकेत इंग्रजी व्याकरणाची दोन जाडजूड पुस्तके होती आणि डोक्यात त्याहून जाड अहंकार होता. ही गोष्ट १९९६ सालची. जव्हार तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. पालघर जिल्हा अस्तित्वात यायला १ ऑगस्ट २०१४ उजाडावा लागला. मराठी शाळांत इंग्रजी तेव्हा पाचवीपासून सुरू होई. आमच्या सातवीच्या वर्गातील मुले घरी वारली किंवा कोकणा बोलत, शाळेत पुस्तकी मराठी शिकत आणि त्यावर ही तिसरी भाषा येऊन बसलेली.

एका दुपारी आम्ही मैदानापलीकडे उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याला इंग्रजीतून हाक मारली. तो धावत सुटला आणि धावता धावताच मोठ्या उत्साहाने ओरडला, “आय केम सर, आय केम!” आम्हांला हसू आवरले नाही. “अरे, तू अजून आंब्याखालीच आहेस आणि ‘केम’ कसा? काळ कळतो का तुला?” वर्गही हसला. मुलगा खाली मान घालून जागेवर बसला. पुढे कित्येक दिवस आमच्या तासाला त्याने तोंड उघडले नाही, इंग्रजीतही नाही आणि मराठीतही नाही.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही जव्हारला जाण्यासाठी रस्त्यावर उभे होतो. संध्याकाळची वेळ, पाचपन्नास माणसे ताटकळत बसलेली. इतक्यात कोणीतरी ओरडले, “एसटी आली!” सारे उठले, आम्हीही पिशवी उचलली. गाडी कुठे होती? दूरच्या वळणावर नुसते दिवे दिसत होते. तरीही ओरडणाऱ्याला कोणी हसले नाही, त्याचा काळ कोणी तपासला नाही. त्या क्षणी आम्हांला तो मुलगा आठवला आणि पिशवी हातात जड झाली.

वाचकहो, त्या रात्री आम्ही कंदिलाच्या उजेडात वही उघडून बसलो. मराठीत आपण ‘भूक लागली’ म्हणतो. इंग्रज मात्र ‘आय ॲम हंग्री’ म्हणतो. आपण ‘समजले’ म्हणतो, तो ‘आय सी’ म्हणतो. ‘आपण आजारी होता असे ऐकले’ या आपल्या वाक्यातले ‘ऐकले’ त्याच्याकडे ‘आय हिअर’ होते. आपण ‘तहानेने मेलो’ म्हणून मोकळे होतो, तो अजून मरतच असतो, ‘आय ॲम डाइंग’. वळणावरची आपली ‘एसटी आली’ त्याच्या तोंडी ‘हिअर कम्स द बस’ अशी येते. मराठी माणूस गोष्ट घडली तो क्षण पाहतो. भूक लागून गेली, म्हणून भूतकाळ. इंग्रज त्या क्षणानंतरची आपली अवस्था पाहतो. भूक अजून आहे, म्हणून वर्तमानकाळ. आणि येणे नक्की झाले की आपण ते झालेच असे धरून चालतो, म्हणून घरातून हाक आली की उंबऱ्याबाहेरूनच ‘आलो’ म्हणतो. इंग्रज तिथे नुसते ‘कमिंग’ म्हणतो.

मात्र इंग्रजीचा काळही घड्याळाप्रमाणे चालत नाही. ‘इट्स टाइम वी वेंट’ म्हणणारा अजून जागचा हललेला नसतो. ‘आय वॉज वंडरिंग’ म्हणणारा आताच विचारत असतो. भूतकाळ त्याने केवळ अदबीपायी घेतलेला असतो. आमच्या मुलांनी ‘उद्या पाऊस आला तर’ याचे भाषांतर ‘इफ द रेन केम टुमारो’ असे केले होते. इंग्रजी कानाला त्यात पाऊस येण्याविषयी शंका ऐकू येते. लावणीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या घरांतील या मुलांना असली शंका मुळीच व्यक्त करायची नव्हती. तिथे ‘इफ इट रेन्स’ हवे. तात्पर्य इतकेच, की अशा ठिकाणी क्रियापदाचे रूप उचलून नेऊ नये. त्या प्रसंगी त्या भाषेतला माणूस काय बोलतो ते विचारावे.

आपल्या समाजाला हा धडा नवा नसावा. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यात उतरले. आपल्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात नमूद केले. १६१६ साली त्यांचे क्रिस्तपुराण छापले गेले आणि त्यांच्या निधनानंतर, १६४० मध्ये, त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण राचोलला प्रसिद्ध झाले. या इंग्रजाच्या तोंडी आपली क्रियापदे पहिल्या दिवशीच बसली असतील काय? तोही अडखळला असेल. त्या वेळी त्याला कोणी हसून गप्प केले असते तर आपण किती गमावले असते!

सोमवारी आम्ही वर्गात सांगितले, “त्याचे ‘आलो’ मराठीत अगदी बरोबर होते. चूक हसण्यात होती आणि ती आमची होती.” मुलाने वर पाहिले, पण तो काही बोलला नाही. बोलू लागायला त्याला दिवाळीनंतरचे सत्र उजाडले.

वर्षाअखेर आमची बदली झाली. ट्रंक उचलून तोच एसटीपर्यंत आला. गाडीत चढताना सवयीप्रमाणे आम्ही “येतो” म्हणालो. त्याने लगेच विचारले, “सर, जाताना ‘येतो’ म्हणतात, त्याला इंग्रजीत काय?” ‘आय विल बी बॅक’ हे उत्तर ओठांवर आले होते. पण आपले ‘येतो’ हा निरोप आहे आणि ते इंग्रजी वाक्य हे वचन आहे. वसईला परतणारे आम्ही ते वचन पाळणार नाही, हे आम्हांला ठाऊक होते. “नंतर सांगतो” असे म्हणून आम्ही आत जाऊन बसलो.

त्यानंतर आजतागायत आमचे साखरशेतला जाणे झालेले नाही.