पीटरबरोचे दुकान आणि क्युबेकची इशा

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही उभयता कॅनडाला गेलो ते भाच्याकडे. चिपळूणच्या खाडीकाठचा हा मुलगा बारा वर्षांपूर्वी तिकडे नोकरीला लागला आणि टोरोंटोच्या ईशान्येला पीटरबरो शहरात स्थिरावला. भाचेसून मूळची सोलापूरची. दोन मुले, लहानसे घर, मागे मेपलचे झाड. आम्ही पोहोचलो तेव्हा ते झाड असे लाल झाले होते की पहिले दोन दिवस खिडकीतून उठवेना.

पीटरबरोमध्ये पाहायला येणारे लोक कालव्यावरचा उचल-बंधारा पाहतात. १९०४ साली सुरू झालेला हा बंधारा अख्खी नाव पाण्यासकट उचलून वरच्या कालव्यात ठेवतो. आम्हीही पाहिला, थक्क झालो. पण लिहायचे आहे ते दुसऱ्याच जागेबद्दल.

शनिवारी सकाळी भाचा म्हणाला, "मामू, मुमानी, चला, तुम्हाला एक दुकान दाखवतो. असले तुम्ही पाहिले नसेल."

शहराच्या उत्तरेला तळीच तळी आहेत. त्या रस्त्यावर एका गावात हे दुकान होते. दारातच मासेमारीच्या गांडुळांचा फ्रीज, मग लोकरीचे मोजे, शिकाऱ्यांनी अंगात घालायची भडक नारिंगी जाकिटे, आणि आत काचेमागे बंदुका. ओळीने उभ्या, प्रत्येकीच्या चापाला कुलूप. आम्ही दोघेही जरा बिचकलोच. आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. रानडुकरे शेतात शिरली की ते एक बार काढत, आणि निवडणूक आली की तीच बंदूक गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करत. बंदुकीशी आमची ओळख एवढीच.

भाचा शिकार करतो हे आम्हाला तिथे गेल्यावर कळले. नोव्हेंबरात हरणाचा हंगाम असतो. बिस्मिल्लाह म्हणून चाप ओढायचा, हरीण जिवंत सापडले तर तिथेच जबह करायचे. तिकडचे बरेच मुसलमान असे वर्षभराचे हलाल मांस घरी आणतात. त्याची रायफल साधी आहे, प्रत्येक बाराला हाताने खटका ओढावा लागतो. तिच्याबद्दल घरात कुणाची तक्रार नाही. तक्रार होती ती काउंटरवर मांडलेल्या दुसऱ्या वस्तूबद्दल.

ती होती नवी आलेली कार्बाइन. कार्बाइन म्हणजे आखूड, हलकी रायफल. पण हिच्यात रायफलचे काडतूस बसत नाही, पिस्तुलाचे ९ मिलिमीटरचे बसते. आपल्याकडे हे काडतूस सामान्य माणसाला परवान्यावरही मिळत नाही. तिथे ते रायफलच्या काडतुसापेक्षा स्वस्त, धक्का कमी, आवाज कमी. काउंटरभोवती चार-पाच जण जमले होते. एक दाढीवाले दूधवाले शेतकरी, एक तरुण इलेक्ट्रिशियन, एक निवृत्त शिक्षिका. आपल्याकडे नव्या ट्रॅक्टरभोवती जमतात तसे.

दुकानदाराने आधी टेप काढला आणि नळी मोजून दाखवली. आम्हाला गंमत वाटली, पण त्या मोजमापावर सगळे अवलंबून आहे. तिकडच्या कायद्यात बंदुकांचे तीन वर्ग आहेत: साध्या, निर्बंधित आणि पूर्ण बंदी असलेल्या. आपोआप पुढचे काडतूस भरणाऱ्या अशा बंदुकीची नळी किमान ४७० मिलिमीटर हवी, एकूण लांबी किमान ६६० मिलिमीटर हवी, तरच ती साध्या वर्गात. म्हणून कॅनडासाठी मुद्दाम लांब नळी बसवलेला माल येतो. रायफलच्या मॅगझिनमध्ये पाचच काडतुसे चालतात, पण मॅगझिन मुळात पिस्तुलासाठी बनवलेले असेल तर दहा. या कार्बाइनला पिस्तुलाचे मॅगझिन लागते. म्हणजे दहा.

"आणि हिला नवी म्हणायचे ते फक्त आमच्या समाधानासाठी," शिक्षिका हसून म्हणाल्या. खरोखर नवी असती तर विकताच आली नसती. १५ डिसेंबर २०२३ पासूनच्या कायद्याने, त्यानंतर आराखडा करून बनवलेली, पाचाहून जास्त काडतुसांचे सुटे मॅगझिन असलेली अशी बंदूक आपोआप बंदीत जाते. हिचा आराखडा जुना, फक्त दस्ता नवा होता. शेजारीच हाताने खटका ओढायची दुसरी कार्बाइन ठेवली होती. ती सुरक्षित, म्हणजे बंदीपासून सुरक्षित, असे दुकानदार सांगत होता. इलेक्ट्रिशियनला ती पसंत नव्हती. पण आपोआप चालणारी घ्यायलाही तो धजत नव्हता. हजारो रुपयांसारखे हजारो डॉलर घालायचे आणि एका सकाळी सरकारी यादीत तिचे नाव निघायचे!

यादी दुकानात भिंतीला लावलेली होती. १ मे २०२० ला १,५०० हून अधिक बंदुकांवर एका दिवसात बंदी आली. नोव्हा स्कोशियात एका माणसाने २२ जणांना मारले, त्यानंतर दोन आठवड्यांत. डिसेंबर २०२४ मध्ये ३२४ प्रकार वाढले, मार्च २०२५ मध्ये आणखी १७९. ज्यांच्या घरात त्या आहेत त्यांनी त्या कुलपात ठेवायच्या, चालवायच्या नाहीत, विकायच्या नाहीत. माफीची मुदत त्याच महिन्याच्या ३० तारखेला संपणार होती, ती नुकतीच आणखी वर्षभर वाढवली होती.

दूधवाले बाबा फारसे बोलत नव्हते. मग त्यांनी आम्हाला उद्देशून सांगितले की त्यांच्याकडे दोन पिस्तुले आहेत, तीस वर्षे क्लबात नेमबाजी केली. २१ ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने पिस्तुलांची खरेदी-विक्री गोठवली आहे. मालकाने स्वतःची वापरावीत, पण मुलाला देता येत नाहीत, मेल्यावर वारशानेही जात नाहीत. "माझी काडतुसे पेटीभर पडली आहेत, मॅगझिने आहेत. ही घेतली तर मुलगा आणि मी दोघे मिळून ती वापरू." त्यांच्या आवाजात राग नव्हता. बापाची घड्याळे, बापाची अवजारे मुलाकडे जातात, हे मात्र जात नाही, याचे त्यांना वाईट वाटत होते. ते आम्हाला समजले.

त्यांची दुसरी बाजूही खोटी नाही. परवान्यासाठी शिकवणीवर्ग, परीक्षा, ओळखीच्यांची साक्ष. परवानाधारकाचे नाव पोलिसांच्या नोंदीशी रोज ताडून पाहिले जाते. असे वीस लाखांहून अधिक लोक तिकडे आहेत. टोरोंटोत गुन्ह्यांत सापडणारी पिस्तुले बहुतेक अमेरिकेतून चोरून आलेली असतात, हे पोलीसच सांगतात. "चोरटा माल थांबवा, आमच्या नळ्या काय मोजता?" असा त्यांचा सवाल.

भाचा कार्बाइन हातात घेऊन बराच वेळ उभा होता. परवाना दाखवून त्याने थोडे पैसे भरले आणि ती त्याच्या नावावर राखून ठेवली. बोलता बोलता त्याने सांगितले की उद्या आम्ही क्युबेक शहराला निघणार, तिथल्या मशिदीत जायचे आहे. काउंटरवर एकदम शांतता झाली. दूधवाले बाबा म्हणाले, "तो माणूस आमच्यातला नव्हता." आणि त्यांनी आम्हा दोघांकडे पाहून टोपी काढली.

घरी आल्यावर भाचेसूनेने विचारले, "घेतली?"

"राखून ठेवली."

ती काही बोलली नाही. रात्री मुले झोपल्यावर मात्र तिने आम्हाला सांगितले. तिकडे परवान्याच्या अर्जावर जोडीदाराची सही मागतात, नसेल तर त्याला कळवतात. "मी सही दिली, मुमानी. हरणासाठी दिली. आता प्रत्येक नवीन बंदुकीला सही लागत नाही. एकदा घेतली ती घेतली." हे ती भांडून सांगत नव्हती. भांडे पुसत सांगत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे फज्र पढून सगळे गाडीत बसलो. किंग्स्टनपर्यंत झाडी, मग ४०१ क्रमांकाचा सपाट महामार्ग, डाव्या हाताला शेते, उजवीकडे अधूनमधून सेंट लॉरेन्स नदी. दुपारी माँट्रियल. पाय मोकळे करायला ॲटवॉटर मेट्रोजवळ थांबलो. समोर घुमटाची मोठी दगडी इमारत होती. पूर्वीचा नन लोकांचा मठ, आता डॉसन कॉलेज. आमच्यापैकी एकीने सहज विचारले, हे कॉलेज कसले? भाच्याने उत्तर द्यायला वेळ लावला.

१३ सप्टेंबर २००६ ला या कॉलेजात एक तरुण बंदूक घेऊन शिरला. अठरा वर्षांची एक विद्यार्थिनी मेली, बरेच जखमी झाले. त्याच्या हातात होती बेरेटा सीएक्स-४ स्टॉर्म. म्हणजे पिस्तुलाच्या काडतुसाची कार्बाइन. रीतसर परवान्याची, नोंदणी झालेली. भिंतीवरच्या यादीत ते नाव आम्ही आदल्या दिवशी वाचले होते आणि ते आम्हाला एखाद्या मोटारीच्या मॉडेलसारखे वाटले होते.

मग भाच्याने स्वतःहूनच सांगितले. यादीत वर असलेली मिनी-१४ ही याच शहरातल्या एकोल पॉलिटेक्निकची. ६ डिसेंबर १९८९, चौदा स्त्रिया. इंजिनीअरिंग शिकणाऱ्या मुलींना वेगळे काढून मारले. दरवर्षी त्या तारखेला माँ रॉयलच्या टेकडीवरून आकाशात चौदा प्रकाशझोत सोडतात. ती रायफल त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ दुकानात साध्या वर्गात मिळत होती.

"आणि व्हीझेड-५८?" भाचेसूनेने मागच्या सीटवरून विचारले. तिला उत्तर माहीत होते.

तो म्हणाला, "आपण तिथेच चाललोय."

माँट्रियलपासून क्युबेक शहर अडीचशे किलोमीटर. पोहोचलो तेव्हा अंधारले होते आणि थंडी हाडात शिरत होती. सेंट-फॉय भागात मोठ्या रस्त्यालगत मशीद आहे. पाटी वाचली नसती तर पुढे निघून गेलो असतो. इशाची जमात उभी राहायची होती. पुरुष खाली, आम्हा स्त्रियांची जागा निराळी. कोण कुठले, कुणी विचारले नाही. एका अल्जीरियन आजींनी आमच्या हाताला धरून आपल्या शेजारी जागा केली, एवढेच.

२९ जानेवारी २०१७ ला इशाचीच नमाज संपली होती. काही लोक निघाले होते, काही गप्पा मारत थांबले होते. तो माणूस दारात आला. त्याच्याकडची व्हीझेड-५८ रायफल सुरुवातीलाच अडकली. मग त्याने पिस्तूल काढले. ९ मिलिमीटरचे. दोन मिनिटांच्या आत सहा माणसे गेली. एक लावाल विद्यापीठाचे प्राध्यापक, एक किराणा आणि हलाल मांसाचे दुकान चालवणारे अझ्झेदिन सुफियान. सुफियान त्याला अडवायला धावले होते. सहा घरांतली सतरा मुले पोरकी झाली. त्याच्या दोन्ही बंदुका परवान्यावरच्या होत्या. मानसिक आजाराबद्दलच्या प्रश्नाला त्याने अर्जात खोटे उत्तर दिले होते. रोज नाव ताडून पाहणाऱ्या यंत्राला खोटे उत्तर कसे कळणार?

मशिदीचे एक संस्थापक बुफेल्जा बेनअब्दल्लाह आणि वाचलेले लोक तेव्हापासून पिस्तुले आणि अशा रायफलींवर बंदी मागत आले. पॉलिटेक्निकच्या आणि डॉसनच्या कुटुंबांच्या बरोबरीने. कॅनडाने २९ जानेवारी हा स्मृतिदिन केला आहे. बंदी पुरी पडते असे आम्हाला वाटत नाही. २०२१ मध्ये ओंटारियोतल्या लंडन शहरात संध्याकाळी फिरायला निघालेल्या एका मुस्लिम कुटुंबातली चार माणसे द्वेषाने मारली गेली, त्यात बंदूक नव्हतीच, ट्रक होता. दुकानातली माणसे हेच उदाहरण देतात. पण त्या रात्री मशिदीत, रायफल अडकल्यावर त्या माणसाच्या कमरेला पिस्तूल नसते तर, हा विचार आमच्या मनातून हलेना.

नमाजनंतर भाचा बराच वेळ बाहेर आला नाही. आम्ही चपलांच्या कपाटाजवळ थांबलो. मुले कंटाळून एकमेकांचे मोजे ओढत होती. तो आला तेव्हा डोळे लाल होते. गाडीत बसल्यावर म्हणाला, "मामू, दूधवाले बाबा म्हणाले ना, तो आमच्यातला नव्हता. त्याच्या खिशातला परवाना आणि माझ्या खिशातला, दोन्हींवर तोच शिक्का."

भाचेसूनेने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कुणी बोलले नाही.

परतीच्या वाटेवर, किंग्स्टनच्या आसपास, दुकानदाराचा फोन आला. गाडीत स्पीकर चालू होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकले. दुसरे एक गिऱ्हाईक त्या कार्बाइनसाठी थांबले आहे, तुम्ही नक्की घेणार का? भाच्याने विचारले, "कोण, दूधवाले बाबा?" पलीकडून हसण्याचा आवाज आला. भाचा म्हणाला, "सोमवारी सांगतो."

सोमवारी आम्ही विमानात होतो. नोव्हेंबरअखेर फोन केला तेव्हा भाचेसूनेने सांगितले की हरीण मिळाले, फ्रीजर भरला, शेजारच्या दोन घरांत वाटले. कार्बाइनचे तिने काही सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.